मधली चौकट

संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, उत्तरपत्रिका तपासायला बसलं की पहिल्या वीस-पंचवीस पेपरांनंतर हात आपोआप चालायला लागतो. पट्टीने आखलेल्या चौकटी, डावीकडून उजवीकडे जाणारे बाण, आणि खालून वर घुसणारा, वाटेत संकेत बिघडवणारा ‘गोंगाट’ नावाचा एक बाण. आकृतीला चार गुण, स्पष्टीकरणाला सहा. क्लॉड शॅनन यांचं हे मॉडेल १९४८ सालचं. मुलांनी ते पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं. पेपर देऊन बाहेर पडल्या पडल्या हीच मुलं फोन काढतात आणि अशा एका व्यवस्थेत शिरतात, जी त्या आकृतीत कुठूनही मावत नाही.

जुनं झालंय, बदलून टाका, एवढंच म्हणायचं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. तंत्रज्ञान बदललं की संज्ञापनाचं मॉडेल बदलतं, हे तर पाठ्यपुस्तकही सांगतं. तारायंत्र आणि रेडिओच्या काळात सरळ रेषा, मग प्रतिसादाचा उलटा बाण, मग वर्तुळ, मग इंटरनेट आलं आणि वर्तुळाचं जाळं झालं. वाचायला छान वाटतं. शिकवायला तर फारच सोयीचं. पण या क्रमात एक गोष्ट हरवते. कडेच्या चौकटींवर, म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कसा यावर, आपण पंचाहत्तरहून अधिक वर्षं वाद घातले. मधल्या चौकटीकडे, म्हणजे निरोप ज्या वाहिनीतून जातो तिच्याकडे, मात्र कुणी फिरकलं नाही. आज सगळा कारभार त्या मधल्या चौकटीत चालतो, आणि आपला अभ्यासक्रमच काय, जगभरचे कायदेसुद्धा ती रिकामी आहे असंच धरून बसले आहेत.

शॅनन यांच्यावर मात्र राग नको. ते बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे गणिती, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न तारेचा होता. तो प्रश्न जुना. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळातून पहिली तार टाकली गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले. तीनेक आठवड्यांत ती तार मुकी झाली. क्षीण होत गेलेला, विस्कटलेला संकेत पलीकडच्या टोकाला जसाच्या तसा पुन्हा कसा उभा करायचा, या डोकेदुखीवर पुढची नव्वद वर्षं अभियंते झटत होते. शॅनन यांनी तिला गणिताचं उत्तर दिलं. १९४८ च्या आपल्या लेखाच्या सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट करून टाकलं की संदेशाला बहुतेक वेळा अर्थ असतो, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्या अर्थाचं काही देणंघेणं नाही. आणि त्यांची मूळ आकृती एकदा नीट बघा: मधली चौकट इवलीशी आहे, तिच्यात नाव लिहिलेलं नाही. तार आहे, दुसरं काय असणार तिच्यात?

घोळ झाला तो पुढे. १९४९ मध्ये तो लेख पुस्तकरूपाने आला तेव्हा वॉरन वीव्हर यांनी त्याला एक विवेचन जोडलं आणि तीन पातळ्या मांडल्या: संकेत अचूक पोचला का, अर्थ पोचला का, आणि हवा तो परिणाम झाला का. पहिल्या पातळीचं गणित पुढच्या दोन पातळ्यांनाही लागू पडेल, अशी त्यांना आशा होती. समाजशास्त्रज्ञांनी आकृती उचलली आणि माणसांच्या बोलण्यावर चिकटवली. शॅनन यांनाच हे अति वाटलं असावं. १९५६ साली त्यांनी एका पानाचं टिपण लिहून, आपला सिद्धांत जिथेतिथे लावणाऱ्यांना सबुरीचा सल्ला दिला. तोवर गाडी सुटलेली होती.

वीव्हर यांच्या पातळ्या आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. व्हॉट्सअपवर एक टिक म्हणजे निघालं, दोन म्हणजे फोनपर्यंत पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे उघडलं गेलं. मागे मी एका विद्यार्थ्याला लिहिलं, ‘दुसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.’ दोन मिनिटांत टिका निळ्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चिडीचूप. मी धरून चालले की स्वारी रुसली. अखेर त्याचा निरोप आला: ‘मॅडम, खूप रागावलात का? शेवटी पूर्णविराम होता.’ त्याच्या पिढीत निरोपाच्या शेवटी पूर्णविराम देणं म्हणजे दार आपटून जाणं, हे मला तेव्हा कळलं. एकही बिट गळला नव्हता, गोंगाट शून्य. पहिली पातळी इतकी निर्दोष सुटली आहे की आता सगळे गैरसमज दुसऱ्या पातळीवरचे आहेत.

पाठ्यपुस्तकी क्रमावर माझा आणखी एक आक्षेप आहे, तो तारखांचा. हॅरल्ड लॅसवेल यांचं प्रसिद्ध सूत्र, म्हणजे कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतं, हेही १९४८ चंच. लॅसवेल पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्राचे अभ्यासक. त्यामुळे बाणाचं एक टोक सत्तेकडे आणि दुसरं समुदायाकडे असणं त्यांना स्वाभाविक वाटलं असणार. यानंतरच्या प्रकरणात ‘द्विस्तरीय प्रवाह’ येतो, म्हणजे माध्यमाकडून आधी काही माणसांकडे आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे, आणि मुलांची समजूत होते की आधी सरळ रेषा होती, मग कुणाला तरी माणसं आठवली. प्रत्यक्षात पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी परगण्यातल्या मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या त्या १९४० च्या निवडणुकीत, आणि त्यांचं पुस्तक आलं १९४४ साली. म्हणजे ते सूत्र आणि ती आकृती यांच्या चार वर्षं आधी. रेडिओ ऐन भरात होता, आणि तरीही मतदार सांगत होते की आमच्यावर जास्त प्रभाव पडला तो ओळखीपाळखीच्या माणसांचा. यंत्राकडे पाहणाऱ्यांनी रेषा काढली. माणसांकडे पाहणाऱ्यांना त्याच काळात रेषेचे फाटे दिसले होते. नवीन यंत्र आलं की नवं मॉडेल जन्मतं, हे म्हणूनच अर्धसत्य. बरेचदा नवं यंत्र येऊन जुन्या यंत्राने झाकलेलं काहीतरी उघडं करतं, इतकंच.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. एखादी गोष्ट ‘कर्णोपकर्णी’ गेली म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात लाझर्सफेल्ड यांचं अर्धं पुस्तक असतं. ‘संवाद’ म्हणजे मिळून बोलणं. ‘संज्ञापन’ या आपल्या विषयाच्या नावात मात्र ज्ञापन आहे, दुसऱ्याला कळवणं. म्हणजे नावातच बाण एका दिशेचा. आणि ‘दळणवळण’ हा शब्द रस्ते, रेल्वे, टपाल, तार सगळं एकाच पोत्यात भरतो. तो जुन्या काळाशी इमान राखून आहे, कारण तारायंत्रापूर्वी संदेश आणि संदेश नेणारा यांची फारकत झालेलीच नव्हती. डोंगरावरून खुणा करणाऱ्या यंत्रांसारखे काही अपवाद सोडले तर बातमी माणसाच्या किंवा घोड्याच्या पायानेच चाले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला मोर्स यांची तार गेली आणि ही जोडी फुटली. जेम्स केरी या अभ्यासकाने तारायंत्राचं खरं महत्त्व इथेच असल्याचं दाखवून दिलं.

फुटली म्हणजे काय झालं, तर मधला माणूस गेला. निरोप्या. निरोप्या ही काही रिकामी चौकट नव्हती. तो वेळ बघून बोले, वाईट बातमी आधी जरा मवाळ करी, क्वचित स्वतःचं तिखटमीठ लावी, आणि मुख्य म्हणजे त्याला विचारता येई: ‘तू कुणाचा माणूस?’ तारेने त्याची जागा घेतली. तारेला मत नव्हतं, मालक असला तरी मजकुरात त्याचा रस नव्हता. शॅनन यांची ती बिननावाची चौकट म्हणजे निरोप्या निघून गेल्यावर उरलेली जागा.

आता तो परत आलाय.

यंदा वर्गात एक उद्योग करून पाहिला. काल रात्री पाहिलेला एक व्हिडिओ आठवा आणि तो तुमच्यापर्यंत कसा आला ते शॅनन यांच्या आकृतीवर दाखवा, असं सांगितलं. बहुतेकांनी व्हिडिओ बनवणाऱ्याला डावीकडे बसवलं, स्वतःला उजवीकडे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने पहिला बाण उजवीकडून काढला, स्वतःच्या चौकटीतून मधल्या चौकटीकडे. कारण विचारलं तर म्हणाली, ‘तीन दिवसांपूर्वी असाच एक व्हिडिओ आला होता. मी लाइक नाही केला, काहीच नाही केलं. नुसता अंगठा थांबला. तिथून सुरू झालं.’

तिचं उत्तर पुरतं विचारात घेतलं तर सगळी आकृती उलटीपालटी होते. पहिला संदेश ग्राहकाने पाठवला, तोही नकळत, अंगठा थांबवून. तो व्हिडिओ बनवणाऱ्याकडे गेला नाही; मधल्या चौकटीकडे गेला. व्हिडिओ बनवणाऱ्याला ही मुलगी माहीत नाही, त्याने तिला उद्देशून काही म्हटलेलं नाही. या संदेशाचा ग्राहक कोण, हे प्रेषकाने ठरवलं नाही आणि ग्राहकानेही नाही. ठरवलं मधल्याने, म्हणजे अॅपच्या अल्गोरिदमने. हजारो शक्य मजकुरांतून काही निवडायचे, तू कशावर थांबशील, काय पुढे पाठवशील याचा अंदाज बांधून प्रत्येकाला गुण द्यायचे, गुणांप्रमाणे रांग लावायची, हे काम तो क्षणाक्षणाला करतो.

आणि त्याला आवडनिवड आहे. फेसबुकने २०१७ पासून इमोजींच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून जगाला कळलं. त्यात रागाचा लाल चेहराही आला. म्हणजे चिडवणारा मजकूर पुढे सरकत राहिला. पुढे हे वजन टप्प्याटप्प्याने उतरवलं, आणि २०२० मध्ये रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. कुठल्याही वक्त्याने आपलं भाषण बदललं नव्हतं, कुठल्याही श्रोत्याने आपली मतं कळवली नव्हती; एका तक्त्यातला आकडा बदलला आणि कोट्यवधी लोकांपुढे येणारं जग थोडं वेगळं झालं. हा गोंगाट म्हणता येणार नाही, कारण गोंगाट आंधळा असतो.

जुन्या निरोप्याला विचारायचा तो प्रश्न याला विचारला, तू कुणाचा माणूस, तर उत्तर अवघड जातं. पाठवणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचाही नाही. त्याचा पगार जाहिरातदार देतो. आमच्या एकाही प्रचलित मॉडेलमध्ये जाहिरातदाराला चौकट नाही.

वर्तमानपत्राचा संपादकही मध्येच बसलेला असतो, हे कुणी म्हणेल. बरोबर आहे. १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी तारेने येणाऱ्या बातम्यांतून निवड करणाऱ्या एका संपादकाच्या निर्णयांचा अभ्यास करून ‘द्वारपाल’ ही कल्पना बातमीच्या जगात आणली, आणि १९५७ च्या वेस्टली-मॅक्लीन मॉडेलने मध्यस्थाला आकृतीत रीतसर जागा दिली. मधल्या चौकटीकडे कुणी फिरकलं नाही असं वर म्हटलं, त्याला हा मानाचा अपवाद. पण द्वारपाल दारात एक वेळा ठरवतो आणि आत आलेलं सगळ्यांना सारखं दिसतं. शेजाऱ्याच्या अंकात काय छापलंय ते मला माहीत असतं, कारण माझ्याही अंकात तेच छापलेलं असतं. नव्या निरोप्याचं दार माणसागणिक वेगळं, आणि माझ्या शेजाऱ्याच्या दारातून काय आत आलं ते मला दिसायची सोय नाही. वर्तमानपत्राच्या मजकुरावर कायद्याने संपादकाचं नाव तरी चिकटलेलं असतं.

कायद्याची गोष्ट मुळात इथे सुरू होते. अमेरिकेत १९९६ साली कलम २३० आलं: दुसऱ्याने दिलेल्या मजकुराचा प्रकाशक किंवा वक्ता म्हणून सेवा पुरवणाऱ्याला धरलं जाणार नाही. फेसबुक जन्माला यायला तेव्हा आठ वर्षं होती. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-वाणिज्य निर्देशाने ‘निव्वळ वाहक’ अशी एक जातच ठरवली, आणि तिला तीन अटी घातल्या: त्याने प्रक्षेपण सुरू करू नये, ग्राहक निवडू नये, मजकूर निवडू वा बदलू नये. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्येही मध्यस्थाच्या संरक्षणाच्या अटींत हेच तीन मुद्दे आहेत. मी या अटी वर्गात वाचून दाखवते, त्याखाली शॅनन यांची आकृती काढते आणि काही बोलत नाही. ती चौकटच कायद्याच्या भाषेत लिहिली आहे. त्या काळाच्या सेवांसाठी ते शहाणपणाचंच होतं. तारकचेरीला तारेतल्या मजकुराबद्दल कुणी जाब विचारू नये. पण ‘ग्राहक निवडू नये’ ही अट आजच्या कुठल्याही शिफारसयंत्राला, म्हणजे कुणापुढे काय आणायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला, लावून बघा. ग्राहक निवडणं हाच तर त्याचा धंदा.

न्यायालयांची अवस्थाही मला बोलकी वाटते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्विटरविरुद्धच्या एका दाव्यात एकमताने निकाल देताना शिफारशींच्या अल्गोरिदमना सोयीसुविधांच्या पायाभूत यंत्रणेचाच भाग मानलं, म्हणजे नळ. पुढच्याच वर्षी, राज्य सरकारांनी मजकूर काढण्यावर घातलेल्या निर्बंधांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाच्या बहुमताने मजकूर निवडून मांडणं ही कंपन्यांची स्वतःची अभिव्यक्ती ठरू शकते असं म्हटलं, म्हणजे संपादक. ऑगस्ट २०२४ मध्ये एका अपील न्यायालयाने हाच धागा धरून टिकटॉकला सांगितलं की शिफारस तुमची स्वतःची असेल तर कलम २३० चं छत्र तिच्यावर नाही. जबाबदारी आली की नळ व्हायचं आणि स्वातंत्र्य हवं असलं की संपादक. दोन्ही डगरींवर हात ठेवणं म्हणतात ते हेच, आणि ते जमतंय याचं एक कारण असं की मधल्या चौकटीत काय आहे याचं एकमताचं चित्र कुणाकडे नाही.

मग त्यांना सरळ प्रकाशक ठरवायचं का? नाही. इथे माझे बरेच मित्र माझ्यापासून वेगळे होतात. प्रत्येक वाक्याची जबाबदारी कंपनीवर टाकली तर जरा धोका दिसला की ती वाक्य उडवेल, आणि सगळ्यात आधी उडतील ती ताकद नसलेल्यांची वाक्यं. माझा आग्रह मजकुराच्या जबाबदारीचा नाही, वाटेच्या जबाबदारीचा आहे. कोण काय बोललं याचा जाब बोलणाऱ्याला विचारा. ते माझ्यापुढे का आणलं याचा जाब आणणाऱ्याला.

हे हवेतलं नाही, याचं उदाहरण अनपेक्षित जागी सापडतं. अफवा पूर्वी कर्णोपकर्णी जाताना झिजायची, बदलायची. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याचा चेहरा दिसायचा. फॉरवर्ड होणारी अफवा हजाराव्या फोनवर अक्षर न बदलता पोचते. शॅनन यांच्या कसोटीवर याहून चांगलं संज्ञापन नाही. व्हॉट्सअपने यावर काय केलं? २०१८-१९ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. असे निरोप फिरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, तेव्हा तो जपून घ्यावा. पण उपाय बघा: कुणाचाही निरोप वाचला नाही, काही खोडलं नाही, कारण तिथला मजकूर कंपनीला वाचताच येत नाही. फक्त वाट जरा खडबडीत केली. मुद्दाम वाहिनी बिघडवून संज्ञापन सुधारणं, हे १९४८ च्या आकृतीत मूर्खपणाचं ठरेल.

युरोपच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने त्या दिशेला एक पाऊल टाकलंय. शिफारसयंत्र मुख्यतः कशाच्या आधारे चालतं ते अटींमध्ये सांगावं लागतं, आणि ज्यांचे युरोपीय संघातले वापरकर्ते साडेचार कोटींच्या पुढे आहेत अशा मंचांना, माणसाच्या वर्तनावरून बांधलेल्या चित्राशिवाय चालणारा एक पर्याय द्यावा लागतो. पाऊल योग्य, पण छोटं. पर्याय द्या म्हटलं, आधीपासून तोच चालू ठेवा असं म्हटलं नाही. आणि सेटिंगच्या चौथ्या पानावर काय आहे ते उघडून पाहणारी माणसं किती, हे ज्याने त्याने आपल्या फोनवरून ठरवावं.

संवादयंत्रांबद्दल, म्हणजे विचारलं की लिहून देणाऱ्या यंत्रांबद्दल, इथे फार लिहीत नाही. तिथे मधली चौकट डावीकडे सरकून स्रोताच्या जागी बसली आहे. तिला काही सांगायचं नसतं, तरी ती सांगते, प्रत्येकाला वेगळं. द्विस्तरीय प्रवाहात ओळखीच्या माणसाचं जे स्थान होतं ते ती मिळवेल असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकला तर मला आनंदच होईल.

या सत्राचा पेपर काढायचं काम माझ्याकडे होतं. मी एक प्रश्न घातला: शॅनन यांची आकृती काढा, तुम्ही नुकताच पाहिलेला एक व्हिडिओ तिच्यावर दाखवा आणि मधल्या चौकटीचा पगार कोण देतं ते सकारण लिहा. दहा गुण. आठवड्याने प्रश्नपत्रिका परत आली. प्रश्नाच्या पहिल्या चार शब्दांच्या पुढे लाल रेघ मारली होती, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘उर्वरित भाग अभ्यासक्रमाबाहेर’. गुण दहाच ठेवले होते.